भरमार बंदूक

भरमार बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी किंवा छर्रे भरून, गजाने ठासून उडवली जाणारी बंदूक. तिला ठासणीची बंदूक असेही म्हणतात. आजच्या महाराष्ट्रात या बंदुकीचा उल्लेख मुख्यतः चंद्रपूर आणि गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांच्या संदर्भात येतो. पिकांची राखण, शिकार आणि १९८० नंतरची नक्षलवादी चळवळ अशा तीन वेगवेगळ्या कारणांनी ती तेथे हाताळली गेली. काडतुसाच्या बंदुकीपेक्षा ती मंद आणि बेभरवशाची असली, तरी भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी पहिला विचार तिचाच केलेला आहे.

नाव

भरणे आणि मारणे या दोन्ही क्रिया ‘भरमार’ या नावात आहेत. विपुलता या अर्थाने वापरला जाणारा ‘भरमार’ हा शब्द वेगळा समजावा. ठिणगी देण्याच्या पद्धतीवरून या बंदुकीचे जुने प्रकार ओळखले जात. जळत्या वातीने पेटणारी ती तोड्याची बंदूक, गारेच्या ठिणगीने पेटणारी ती चकमकीची आणि तांब्याच्या टोपीतील स्फोटक द्रव्यावर घोडा आपटून पेटणारी ती टोपीची. अलेक्झांडर जॉन फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचे पेटंट घेतले. पुढील दोन दशकांत त्यातूनच टोपी तयार झाली. आज आढळणाऱ्या भरमार बंदुका बहुतेक या शेवटच्या प्रकारच्या असतात. मराठीतील ‘फुसका बार’ हा वाक्प्रचारही दारू पेटते पण बार होत नाही, अशा फसलेल्या भरणीची आठवण ठेवून आहे.

रचना व भरण्याची रीत

लांब, आतून गुळगुळीत आणि मागच्या बाजूने कायमची बंद असलेली नळी, लाकडी दस्ता, घोडा, चाप आणि नळीखाली खोचलेला गज एवढीच तिची रचना असते. नळीच्या बुडाशी दारू, तिच्यावर दाबून बसवलेला चिंधी, कागद किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे किंवा शिशाची गोळी आणि ती घरंगळू नये म्हणून पुन्हा एक बोळा असा थर असतो. प्रत्येक थर गजाने ठासावा लागतो. नळीच्या मागील बारीक छिद्राला काना म्हणतात. टोपीची आग या कान्यातून आतल्या दारूपर्यंत पोचते.

यात वापरली जाते ती काळी दारू. तिचा धूर दाट असतो आणि उरलेली काजळी हवेतील दमट शोषून घेते. त्यामुळे काही बारांनंतर नळी धुतली नाही तर ती आतून गंजू लागते. आधुनिक काडतुसांतील धूरविरहित दारू या नळीत वापरता येत नाही. तिचा दाब या नळ्यांना पेलवण्यापलीकडचा असल्याने नळी फुटून भरणाऱ्याचाच हात किंवा डोळा जातो.

‘काडतूस’ हा पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला शब्द मुळात दारू व गोळीच्या कागदी पुडीसाठी होता. १८५७ च्या उठावाला निमित्त ठरलेली एनफिल्ड बंदूकही तोंडाकडूनच भरली जात असे. तिचे चरबी लावलेले काडतूस म्हणजे दाताने फाडून नळीत ओतायची पुडीच होती. आज ज्याला काडतूस म्हणतात ते टोपी, दारू, बोळा आणि छर्रे एकाच नळकांड्यात बसवलेले काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले.

भरमार की काडतुसाची बंदूक

काडतुसाच्या बंदुकांपैकी खेड्यांत सर्वाधिक परिचित असलेली बंदूक म्हणजे बारा बोरची. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या असता त्यातील एका गोळीचा जो व्यास, तेवढी तिची नळी असते, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. बिजागरीवर मोडून मागच्या बाजूने काडतूस सरकवले की ती तयार होते. दुनळी बंदुकीत लागोपाठ दोन बार काढता येतात. भरमार बंदुकीत एक बार झाल्यावर दुसरा भरण्यास सरावलेल्या माणसालाही अर्धा ते एक मिनिट लागते. अंधारात माळ्यावर बसलेल्या राखणदाराला त्याहून अधिक लागतो.

खरा फरक मात्र वेगाचा नसून पावसाचा आणि सुरक्षिततेचा आहे. धानाची राखण पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होते. दमट हवेत भरमारीची दारू सर्दावते, टोपी फुटते पण बार निघत नाही. अशा वेळी आत काय भरले आहे हे बाहेरून कळत नाही. काडतुसाची बंदूक उघडून काडतूस बाजूला काढता येते. भरमार मात्र एकदा भरली की उडवणे किंवा कष्टाने उपसणे एवढेच मार्ग राहतात, त्यामुळे ती भरलेल्या स्थितीतच कुडाला टेकवून ठेवली जाते. पुढे कोणीतरी ती रिकामी समजून हाताळते, किंवा भरलेली असल्याचे विसरून तिच्यात पुन्हा दारू घालते. दुहेरी भरणी आणि उशिरा पेटलेला बार ही तोंडाकडून भरायच्या बंदुकांच्या अपघातांची जगभर नोंदलेली कारणे आहेत. परवानाधारक कारखान्यातील नळी दाबाची चाचणी घेऊन छाप मारलेली असते. गावठी नळीला अशी कोणतीही चाचणी नसते.

भरमारीच्या बाजूने सांगता येण्याजोगी गोष्ट एकच आहे, पण ती वजनदार आहे. तिला तयार काडतूस लागत नाही. माणसाने भरणी स्वतः मोजायची असते आणि नुसता आवाज करून रानडुकरे पळवायची असतील तर छर्रे घालण्याचीही गरज नसते. राखणीच्या बहुतेक रात्री एवढेच काम असते. काडतुसाची बंदूक घेणाऱ्याला दर बारामागे विकतचे काडतूस मोजावे लागते. शिवाय एका वेळी किती आणि वर्षात किती काडतुसे घेता येतील हे परवान्यावर नमूद असते. ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी लागतात. देशी बारा बोर काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथील १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे मोठी आयुध निर्माणी आहे, पण ती लष्करी दारूगोळा भरणारी असल्याने स्थानिक शेतकऱ्याच्या काडतुसाशी तिचा संबंध नाही.

काडतुसे पुन्हा भरणे

अमेरिका, कॅनडा यांसारख्या देशांत काडतूस महाग पडते या अडचणीवर वेगळा उपाय रूढ आहे. उडवलेले रिकामे नळकांडे जपून ठेवायचे आणि त्यात नवी टोपी, दारू व छर्रे भरायचे. यासाठी घरगुती दाबयंत्रे मिळतात. एकटप्पी यंत्रात हँडलच्या एका ओढीत एकच क्रिया होते. सगळ्या नळकांड्यांवर पहिली क्रिया उरकली की साचा बदलून दुसरी करायची. क्रमिक यंत्रात नळकांडी फिरत्या चकतीवर एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सरकतात आणि प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडते. पहिल्यावर तासाला पन्नास ते शंभर काडतुसे होतात, दुसऱ्यावर काही शेकडा. वर्षाकाठी थोडे बार काढणाऱ्याने किंवा नवशिक्याने एकटप्पी यंत्र घ्यावे, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो, कारण त्यात प्रत्येक भरणी डोळ्यांखालून जाते. क्रमिक यंत्रावर एकाच वेळी चार-पाच नळकांड्यांकडे लक्ष ठेवावे लागते आणि दारू दोनदा पडली किंवा पडलीच नाही तरी ते नजरेतून सुटू शकते. चूक तीच आहे जी भरमार बंदुकीत होते.

भारतात ही निवड सामान्य परवानाधारकापुढे येतच नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २ मध्ये ‘दारूगोळा’ या संज्ञेत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही समाविष्ट आहे. म्हणजे काडतुसे भरण्याचे रिकामे यंत्र हेही कायद्याच्या दृष्टीने दारूगोळाच ठरते. कलम ५ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीला स्वतंत्र परवाना लागतो आणि बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो अंतर्भूत नसतो. हाताने मोजून भरणी करण्याची कायदेशीर वाट त्यामुळे परवान्याच्या भरमार बंदुकीपुरतीच उरते.

कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये परवाना देण्याचे निकष आहेत. संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरायची बंदूक, असा भेद या कलमात स्पष्टपणे केलेला आहे. पीकसंरक्षणासाठी भरमार पुरेशी ठरणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच त्याच कामासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. भरमार हा नियम आणि काडतुसाची बंदूक हा अपवाद असा हा क्रम आहे. शेतकऱ्याच्या सुरक्षिततेचा विचार केला तर तो उलटा वाटतो.

बंदूक जुनी आहे, आजोबांच्या काळची आहे, हा बचाव चालत नाही. कलम ४५ ची सूट कालबाह्य किंवा पुराणवस्तू ठरणाऱ्या शस्त्रांना आहे, पण ती दुरुस्त करूनही उडवता येणार नाहीत अशा अवस्थेत असतील तरच. उडणारी भरमार विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बाळगण्याची शिक्षा किमान दोन ते कमाल पाच वर्षे झाली. विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी आहे. म्हणजे गावठी बंदूक बाळगणाऱ्यापेक्षा ती घडवणारा लोहार कितीतरी अधिक धोक्यात असतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने यावर दुसरा थर चढवला. त्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाला वन्यजीव विभागाकडे नाव नोंदवावे लागते. त्या टापूत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. ताडोबा राष्ट्रीय उद्यान (१९५५), त्याला लागून असलेले अंधारी अभयारण्य (१९८६) तसेच गडचिरोलीतील चपराळा आणि भामरागड अभयारण्ये लक्षात घेतली, की या जिल्ह्यांतील किती गावे या वर्तुळांत येतात याची कल्पना येते. नेमकी हीच गावे जंगलाच्या काठाला असतात.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत

नागपूरचे भोसले राज्य खालसा झाल्यावर चांदा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी येथे उठाव केला. त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. १८५७-५८ च्या अनुभवानंतर देशभर शस्त्रे काढून घेण्याचे धोरण आले आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची पद्धत पक्की केली. आजचा कायदा त्याच परंपरेतील आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याचे दोन तृतीयांशांहून अधिक क्षेत्र वनाखाली आहे. गोंड, माडिया आदी समाजांची पारंपरिक शिकार धनुष्यबाण, फासे आणि जाळी यांवर चालत असे. भरमार त्यात नंतर आली. वन्यजीव कायद्याने शिकारच बेकायदा ठरवल्यावर ती घराच्या आढ्यावर किंवा जंगलात लपवली जाऊ लागली.

१९८० च्या सुमारास नक्षलवादी दलम गोदावरी ओलांडून या भागात आले. गावपातळीवरील त्यांच्या साथीदारांकडे बहुधा भरमार बंदुका असत. चकमकींनंतर पोलीस जाहीर करतात त्या जप्तीच्या याद्यांत एसएलआर, इन्सास, .३०३ आणि बारा बोर यांच्या जोडीला ‘भरमार’ हा स्वतंत्र रकाना त्यामुळेच दिसतो. पण प्रत्येक भरमार ही नक्षलवाद्याची नसते. पिकासाठी वडिलांनी ठेवलेली बंदूकही चळवळीच्या काळात तिच्या मालकाला दोन्ही बाजूंच्या संशयाखाली आणत असे. दलमला ती हवी असे आणि पोलिसांना ती सापडली की खुलासा करणे अवघड जाई. गडचिरोली पोलिसांनी अशा बंदुका स्वेच्छेने जमा करण्याची आवाहने वेळोवेळी केली असून गावकऱ्यांनी पोलीस मदत केंद्रांत त्या आणून दिल्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत.

पिकांची राखण

वैनगंगेच्या खोऱ्यातील धान पोटरीत आल्यापासून कापणीपर्यंत रानडुकरे, चितळ आणि रोही यांच्यापासून राखावे लागते. या रात्रीच्या राखणीला विदर्भात जागल म्हणतात. माळा, शेकोटी, डबे वाजवणे, गोफण आणि फटाके ही तिची नेहमीची साधने आहेत. बंदुकीचा परवाना असला तरी त्याने वन्यप्राणी मारण्याचा अधिकार मिळत नाही. पिकाचे नुकसान करणारा प्राणी मारण्यासाठी वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ नुसार वेगळी लेखी परवानगी लागते. रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत राज्य शासनाने अशा परवानगीची पद्धत ठरवून दिलेली आहे. शेतकरी बंदुकीचा परवाना महसूल व पोलीस यंत्रणेकडे आणि प्राण्याची परवानगी वन विभागाकडे मागतो. या दोन्ही गोष्टी न मिळाल्याने कुंपणात विजेचा प्रवाह सोडण्याचे प्रकार घडतात. अशा तारांनी चंद्रपूर जिल्ह्यात वाघ आणि माणसे दोन्ही मेली आहेत. भरमारीला हा पर्याय तिच्याहून कितीतरी घातक आहे.

परवाना असलेल्यांपुढे आणखी एक अडचण येते. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. धान पिकण्याचा आणि कापणीचा काळही हाच असतो.