शहराचा ताप

मेघांस नांवें देणारा म्हणून लंडनचा रसायनव्यवसायी ल्यूक हॉवर्ड प्रसिद्ध आहे. परंतु शहराचा ताप आंकड्यांनीं दाखविण्याचा पहिला मानही त्याचाच. १८१८ ते १८२० या काळांत निघालेल्या 'लंडनचें हवामान' या ग्रंथांत, रात्रीं शहर भोंवतालच्या खेड्यांपेक्षां सरासरी ३.७ अंश फॅरनहाइट अधिक उष्ण असतें, असें त्यानें दाखविलें. चुलींच्या व भट्ट्यांच्या जाळास त्यानें दोष दिला, तो खराच. पण दिवसा प्यालेलें ऊन विटा व फरशा रात्रीं ओकतात, आणि माती झांकली कीं ओलावा उडतांना मिळणारा गारवाही जातो. आमच्याही शहरांत झाडें तोडून अंगणें फरशीनें मढविण्यास आम्ही सुधारणा म्हणतों. तिचा कर मात्र पत्र्याखालीं निजणारा गरीब आपली झोंप मोडून भरतो.