हापसा

पारोळ्याच्या आमच्या घरात चहाचं राज्य. त्यात मला एस्प्रेसोचं यंत्र घ्यायचंय, तेही दांड्याचं!

दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्या अकिले गाज्जियानं वाफेऐवजी स्प्रिंगच्या जोरावर गरम पाणी कॉफीतून दाबलं, आणि कपावर तो सोनेरी फेस आला. १९६१ मध्ये फाएमाच्या ई-६१ नं तो जोर विजेच्या पंपाकडे दिला. गंमत म्हणजे त्याच वर्षी ला पावोनीनं घरासाठी युरोपिकोला काढलं. त्यात स्प्रिंगसुद्धा नाही, जोर आपल्याच हाताचा.

स्प्रिंगचा दाब दर खेपेला सारखा, हात मात्र चुकतो. माझं काही ठरेना. आईनं फोटो पाहिला नि म्हणाली, "हाऊ ते हापसा शे!"

ठरलं, बिनस्प्रिंगचंच. हापसा मारत वाढलोय मी. फक्त पाणी तापवायला वीज लागते, ती गेली की चहाच :)