दादीचा साखरेचा डबा

रिठदला आमच्या दादीच्या काळात पाहुणा आला की तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढे यायचा. चहाचे नंतर बघू. साखर घरात असायची, पण वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा खाली काढायचा अधिकार एकट्या दादीचा. ईदचा शिरखुर्मा, घरातला निकाह, दूरचा कुणी मोठा पाहुणा, एवढीच त्याची निमित्ते. मोहरमचे चोंगे गुळाचे, फातिहाचा मलिदाही गुळाचाच. आज त्याच घरात 'शुगर' हा शब्द दिवसातून दहा वेळा निघतो आणि तो खायच्या वस्तूसाठी नसतो. "तुमची शुगर किती निघाली?" ही चौकशी आता सलामानंतर लगेच होते. डब्यातली साखर रक्तात कशी उतरली, याचा इतिहास आमच्या घरापेक्षा बराच मोठा आहे.

शब्दांपासूनच सुरुवात करू. संस्कृतातली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि तिथून युरोपात गेली. खंडाचा फारसीत कंद झाला, तोच पुढे इंग्रजांच्या तोंडी कँडी. रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतातली. ती इराणमार्गे अरबांनी उचलली आणि ऊस इजिप्त, सिसिली, अंदलुसपर्यंत नेला. मिस्र देशाचे नाव मिश्रीत राहिले, चीनचे चिनीत, आणि जुन्या मराठीतल्या 'मोरस' साखरेत मॉरिशसचे. दादीच्या एका डब्यात इतके देश बसलेले होते, आणि तिने वाशिमच्या पलीकडचे जग फारसे पाहिले नव्हते.

त्या काळी साखर हे औषध होते, हे आपण विसरलो. युनानी हकीम कडू काढा साखरेच्या पाकात देत.  पण याच हकिमांना साखरेची दुसरी बाजूही ठाऊक होती. इब्न सीनाने (९८०–१०३७) आपल्या 'अल-कानून'मध्ये या रोग्यांच्या लघवीतला गोडवा नोंदवला आहे. आपल्याकडे सुश्रुताच्या परंपरेने त्याआधीच या रोगाला मधुमेह म्हटले होते. मात्र हा रोग तेव्हा सुखवस्तू घरांचा मानला जाई. गरिबाच्या ताटात साखर येणार कुठून?

ती आली गुलामांच्या आणि गिरमिटियांच्या घामातून. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे उसात राबवली गेली. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केल्यावर १८३४ पासून मॉरिशसला हिंदुस्थानातून करारावर मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून कोकणातली, देशावरची मराठी माणसेही गेली. त्यांची मराठी तिथे अजून टिकून आहे. आणि ज्यांच्या पूर्वजांनी जगाला साखर पुरवली त्या मॉरिशसमध्ये आज साधारण पाच प्रौढांमागे एकाला मधुमेह आहे.

आमचा वऱ्हाड उसाचा मुलूख कधीच नव्हता. १८५३ मध्ये तो निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. रिठदच्या शिवारात ज्वारी, तूर, कापूस आणि अलीकडे सोयाबीन. साखर दुकानातूनच यायची. १९३२ मध्ये सरकारने देशी साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण दिले आणि काही वर्षांतच देशातले कारखाने तिसाच्या आसपास होते ते शंभराच्या वर गेले. स्वातंत्र्यानंतर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला आणि महाराष्ट्राचे राजकारणच साखरेभोवती फिरू लागले. साखर रेशनच्या दुकानात पोचली. कार्डावर मिळते म्हणून घ्यायची, घेतली म्हणून खायची. त्याच सुमारास चहाही चुलीवर कायमचा चढला. गूळपाण्याची जागा गोड चहाने घेतली आणि डबा वरच्या फळीवरून खाली आला.

या साखरेची किंमत न खाणाऱ्यांनीही मोजली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, म्हणून. आरोग्यावर साखरेचा परिणाम लिहिताना हाही लिहायला हवा.

आता खाणाऱ्यांकडे येऊ. साखर पोटात गेली की तिचे दोन भाग होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तात जाते, त्याला पेशींत घालायला इन्सुलिन लागते. फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतावर पडतो आणि जास्त झाले की त्याची चरबी होते. साखरेने दात किडतात हे सर्वांना माहीत आहे. यकृताचे फारसे कुणाला नाही. लपवालपवीही झाली. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उत्पादकांच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन हृदयरोगाचा दोष चरबीवर ढकलणारा लेख लिहवून घेतला. तो १९६७ मध्ये छापला गेला आणि त्यामागचा व्यवहार २०१६ मध्ये बाहेर आला. उलट बाजूचा पुरावा इंग्लंडमधून आला. तिथले युद्धकाळातले साखरेचे रेशन १९५३ मध्ये उठले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, रेशनच्या काळात ज्यांचे गर्भातले दिवस आणि पहिली दोन वर्षे गेली, त्यांना पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी राहिला.

एकट्या साखरेने मधुमेह होतो असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळांचा मागोवा घेतला. आपली बाळे वजनाने हलकी, पण चरबी त्या मानाने टिकवून जन्मणारी. दुष्काळात घडलेल्या अशा शरीरावर सुबत्तेची साखर ओतली की ते लवकर कोलमडते. २०२३ च्या आयसीएमआरच्या पाहणीने देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम, जमल्यास २५. दोन चमच्यांचा एक, असे पाच कप चहा झाले की ४० ग्रॅम तिथेच संपले. गूळही याच हिशेबात धरायचा; दादीला हे पटले नसते.

आमच्या अब्बांना पटले, पण उशिरा. मधुमेहाची गोळी सहरीला घेऊन ते सगळे रोजे ठेवत आणि इफ्तारला रूहअफजाचे दोन पेले पीत. २००१ मध्ये १३ देशांतल्या १२ हजारांवर मुस्लिम मधुमेहींची पाहणी झाली, त्यात रमजानमध्ये रक्तातली साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रमाण काही पटींनी वाढलेले दिसले. आम्हाला ते ठाऊक नव्हते. एका रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर अब्बांना दरदरून घाम सुटला, बोलणे अडखळू लागले. रोजा तोडायला तयार होईनात. शेवटी मौलवीसाहेबांना बोलावले. त्यांनी सूरह बकरहमधल्या आजाऱ्याच्या सवलतीची आठवण दिली आणि म्हणाले, "भाईजान, ही सूट अल्लाहने दिली आहे, ती नाकारणारे आपण कोण?"

अम्मीने साखरेचे पाणी केले. ते पिऊन पंधरा मिनिटांत अब्बा नीट बोलू लागले. पुढच्या वर्षापासून ते डॉक्टरांना विचारून फिदया देऊ लागले. इफ्तारच्या वेळी आमच्यासोबत दस्तरखानावर बसत, एक खजूर घेत आणि शरबताचा पेला शेजारच्याकडे सरकवत.