मुद्रणदोषांतून जन्मलेलें गाणें

मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यांत मीं पस्तीस वर्षें घालविलीं. एका चुकलेल्या अक्षराचें कौतुक करण्याची वेळ मजवर येईल असें मला कधींच वाटलें नव्हतें. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं अमेरिकेंत लेकीकडे गेलों असतां, ती, जांवई व नऊ वर्षांची नात यांजबरोबर ओहायो राज्यांतील एका संमेलनास जाण्याचा योग आला. तेथें जमलेली मंडळी विज्ञानकथांची चाहती होती. पण ती व्याख्यानें ऐकण्यास आली नव्हती, गाण्यास आली होती. ह्या गाण्यास ‘फिल्क’ म्हणतात. त्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे.

ह्यूगो गर्न्सबॅक यांनीं १९२६ सालीं न्यूयॉर्क येथें ‘अमेझिंग स्टोरीज’ हें विज्ञानकथांचें मासिक काढलें. त्यांत वाचकांचीं पत्रें पत्त्यांसह छापलीं जात. त्यामुळें एका गांवचा वाचक दुसऱ्या गांवच्या वाचकास लिहूं लागला. पत्रांतून मंडळें निघालीं, मंडळांतून घरगुती नियतकालिकें निघालीं, आणि मग प्रत्यक्ष भेटीची ओढ लागली. ३ जानेवारी १९३७ रोजीं इंग्लंडांत लीड्स येथें कांहीं वाचक जमले. १९३९ च्या जुलैंत न्यूयॉर्क येथें पहिलें जागतिक संमेलन भरलें. त्यास सुमारें २०० माणसें होतीं. दिवसा चर्चा व्हावी आणि रात्रीं उतरण्याच्या खोलींत कोणी तरी गाणें काढावें, असा परिपाठ पुढें पडत गेला.

आतां त्या चुकलेल्या अक्षराची गोष्ट. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ली जेकब्स नांवाच्या गृहस्थांनीं विज्ञानकथांचा अमेरिकन लोकसंगीतावर काय परिणाम झाला, ह्या विषयावर एक विनोदी लेख लिहिला. मथळ्यांत त्यांस ‘फोक’ हा शब्द लिहावयाचा होता, उमटला ‘फिल्क’. इंग्रजी टंकयंत्रावर हीं दोन अक्षरें शेजारीं शेजारीं असतात. लेखांतील मजकूर टपालाच्या कायद्यास खपणार नाहीं, ह्या धास्तीनें संपादकांनीं तो छापला नाहीं. पण चुकीची गंमत मित्रमंडळींत सांगितली. जून १९५३ मध्यें कॅरन अँडरसन ह्या बाईंनीं आपल्या पत्रिकेंत यजमानांचें, म्हणजे कथाकार पोल अँडरसन यांचें, एक गीत छापतांना हाच शब्द जाणूनबुजून वापरला. लेख मागें पडला, चूक मात्र अमर झाली.

ह्या गीतांपैकीं पुष्कळांच्या चाली उसन्या असतात. सर्वांस ठाऊक असलेली जुनी चाल घ्यावी व तीवर चंद्राचे, यानाचे किंवा आवडत्या कथेंतील वीराचे शब्द बसवावे. आपणांस ह्यांत नवल वाटूं नये. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ नाटकांतील पदेंही प्रचलित चालींवर रचलेलीं आहेत, आणि पदावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा पहिला चरण छापण्याची रीत आपल्याकडे होतीच. १९७९ सालीं शिकागो येथें केवळ ह्या गाण्यासाठीं स्वतंत्र संमेलन भरलें. १९८४ पासून ओहायोंतील कोलंबस येथें वार्षिक संमेलन सुरू झालें व उत्तम गीतांस पारितोषिकेंही देण्यांत येऊं लागलीं.

हा सारा पोरखेळ आहे काय? १ फेब्रुवारी २००३ रोजीं ‘कोलंबिया’ यान परततांना आकाशांत भंगलें आणि कर्नालची आपली कल्पना चावला सहा सोबत्यांसह गेली. चंद्रावर पाऊल ठेवलेले बझ ऑल्ड्रिन यांनीं त्या प्रसंगीं दूरचित्रवाणीवर एका गीताचे शब्द म्हणावयास घेतले, आणि त्यांस रडूं आवरलें नाहीं. तें गीत कोणा मान्यवर कवीचें नव्हतें. जॉर्डिन केअर ह्या शास्त्रज्ञानें लिहिलेलें तें फिल्क होतें.

आमच्या संमेलनांत रात्रीं खुर्च्या वर्तुळांत मांडल्या होत्या. नियम एवढाच, कीं पाळी येईल त्यानें गावें, दुसऱ्यास फर्माईश करावी, किंवा पाळी सोडावी. लेक व जांवई गायले. मग नातीनें चंद्रावर स्वतः रचलेलें गाणें धरलें. दुसऱ्या कडव्यास तिचा आवाज फाटला. कोणी हसलें नाहीं, कोणी टाळ्या पिटून तिची सुटकाही केली नाहीं. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं गिटारीवर हळूच सूर धरला, सारे थांबले, आणि पोरीनें गाणें तडीस नेलें.

श्रोतेहो, मला तेथें लाज वाटली. तपासणीच्या दिवशीं साहेबांपुढें प्रार्थना शोभिवंत व्हावी म्हणून बेसूर मुलांस मी बजावीत असें, “ओठ हालवा, आवाज काढूं नका.” त्यांपैकीं एक जण चाळिशींत असतां मला भेटला होता. घरच्या आरतीसही आपण नुसत्या टाळ्या वाजवितों, असें तो हसत म्हणाला होता. मीही हसलों होतों. पाळी मजकडे आली तेव्हां मीं ती सोडली. दुसऱ्या फेरीस मात्र आईच्या जात्यावरच्या दोन ओव्या, जशा आल्या तशा, म्हटल्या. भाषा कोणास कळली नाहीं, पण सर्वांनीं ऐकून घेतल्या.

परत आल्यावर गणेशोत्सवांत मी त्या विद्यार्थ्याच्या घरीं मुद्दाम आरतीस गेलों, त्याची क्षमा मागितली आणि त्याच्या शेजारीं उभा राहिलों. पहिली आरती त्यानें टाळ्यांवरच काढली. दुसरीच्या ध्रुवपदास त्याचा आवाज माझ्या कानीं आला. तो सुरांत होता कीं नव्हता, तें मीं तपासलें नाहीं.