पुरणाचा कट

होळीपौर्णिमेच्या नैवेद्यात मान असतो तो पुरणपोळीचा. तिच्या शेजारी वाटीत वाढलेल्या कटाच्या आमटीकडे इतिहासाच्या दृष्टीने सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः त्या वाटीचे कूळ फार जुने आहे.

पुरणाची हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवावयाची आणि पुरण सैल होऊन पोळी फुटू नये म्हणून ते पाणी वेळून काढावयाचे, ही जुनी रीत. हे वेळलेले पाणी म्हणजे कट. कित्येक घरांत त्यास येळवणी म्हणतात.

शिजविलेल्या पदार्थाच्या अशा रसास संस्कृतात 'यूष' म्हणतात. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६२ व्या सूक्तात, अश्वमेधाच्या वर्णनात, हा शब्द मांसरसाच्या अर्थाने येतो. लॅटिन भाषेतील 'यूस' हा त्याचा भाऊबंद, आणि इंग्रजांचा 'ज्यूस' त्याच वंशातला! पुढे आयुर्वेदात यूष प्राधान्याने कडधान्यांचा झाला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, ४६ व्या अध्यायात, त्याचे दोन भेद सांगितले आहेत. स्नेह, मीठ व तिखट द्रव्ये यांवाचूनचा तो अकृत; ती घातलेला तो कृत. या न्यायाने नुसता कट अकृत ठरतो, आणि चिंच, गूळ व गोडा मसाला घालून फोडणी दिलेली आमटी कृत. आजाऱ्यास मुगाचे कढण पाजणाऱ्या आपल्या आज्या ही परिभाषा न शिकताच पाळीत आल्या.

शेजारी भाषांकडे वळावे, तर कन्नड व तेलुगू या दोहोंत डाळीच्या या पाण्यास 'कट्टु' असाच शब्द आहे. बेळगाव-धारवाडकडे होळिगेबरोबर 'कट्टिन सारु' होतो. शब्द कोणाचा, यावर पंडितांनी खुशाल भांडावे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगावचे राज्य बदलले, पण तेथील मराठी आणि कन्नड चुलींवर कट एकच राहिला. बडोद्याच्या मराठी मंडळींना गुजराती शेजाऱ्यांचे 'ओसामण' परिचित आहेच; तेही डाळीच्या वरच्या पाण्याचेच. गोवा-कारवारकडील सारस्वत घरांत कुळीथ शिजवितात, त्या पाण्याचे सार करितात आणि दाण्यांची उपकरी.

आता डाळ कुकरमध्ये बेताच्या पाण्यात शिजते, वेळावयास पाणी उरत नाही. पुष्कळ ठिकाणी आमटीसाठी थोडे पुरणच पाण्यात कालवितात. ती आमटी रुचकर होते, हे मान्य. पण तीत कट नसतो, आणि 'वेळणे' हे क्रियापद मुलांच्या कानी पडावयास त्या घरांत निमित्तच राहिलेले नाही.