चोपचिनी आणि वंध्यत्वचिकित्सा : वैद्यक बाडांच्या परीक्षणाचें एक साधन

अपत्यप्राप्तीसाठीं चिनी वैद्यकाचा आश्रय घेणें ही गोष्ट आज नवी वाटते. परंतु एक चिनी औषधि आपल्या संस्कृत वैद्यकग्रंथांत येऊन चार शतकांहून अधिक काळ लोटला आहे, आणि ती ज्या समुद्रमार्गानें आली त्यावर पालघर-तारापूरचा किनारा पडतो. या औषधीचें नांव चोपचिनी. वंध्यत्वाशीं तिचा संबंध कसा जडतो व त्यावरून जुन्या वैद्यक बाडांच्या परीक्षणास काय साह्य होतें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम दोन्ही देशांच्या शास्त्रांची भूमिका पाहूं. सुश्रुतानें शारीरस्थानांत गर्भधारणेस ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज या चार गोष्टी आवश्यक मानून अंकुराचा दृष्टांत दिला आहे. चरकानें योनिव्यापदांच्या अध्यायांतच शुक्रदोषांचाही विचार केला आहे. चीनच्या 'ह्वांग-दी नेइ-चिंग' या प्राचीन ग्रंथाच्या आरंभींच स्त्रीचें आयुष्य सात-सात व पुरुषाचें आठ-आठ वर्षांच्या टप्प्यांनीं मोजिलें असून, स्त्रीची प्रजननक्षमता चौदाव्या वर्षीं येते व एकुणपन्नासाव्या वर्षीं संपते, असें म्हटलें आहे. सुन स्सु-मियाओ यानें इ. स. ६५२ च्या सुमारास रचिलेल्या ग्रंथांत स्त्रियांसाठींचे योग अग्रस्थानीं ठेविले आणि त्यांचाही आरंभ अपत्येच्छूंच्या चिकित्सेनें केला. सारांश, हा विषय दोन्हीकडे गंभीरपणें हाताळिला गेला होता, आणि दोष एकट्या स्त्रीचा नव्हे हें शास्त्रकारांस ठाऊक होतें.

या दोन वैद्यकांची तुलना करणारा जुना साक्षी म्हणजे चिनी भिक्षु इत्सिंग. तो इ. स. ६७१ त चीनहून निघाला व नालंदेस दीर्घकाळ राहिला. आपल्या ग्रंथांत त्यानें वैद्यकाचीं आठ अंगें गणिलीं आहेत; पैकीं वाजीकरण मात्र अंगास व पायांस बळ देण्याची विद्या, अशा सोंवळ्या शब्दांत उतरविलें आहे. सुया टोचणें, डाग देणें व नाडी पाहणें यांत जंबुद्वीपांत चीनची बरोबरी कोणी करीत नाहीं, असा त्याचा अभिप्राय. ज्या उत्तम चिनी औषधि इकडे मिळत नाहींत म्हणून तो सांगतो, त्यांत तांग-क्वेइ हें मूळ आहे. रजोविकारांत व वंध्यत्वांत चिनी वैद्यांची भिस्त पुष्कळ अंशीं याच मुळावर असते. म्हणजे या विषयांतील चिनी विद्येचीं दोन प्रमुख साधनें सातव्या शतकांतच एका जाणत्या प्रवाशानें नमूद केलीं होतीं. तथापि तीं आपल्या वैद्यकांत रुजलीं नाहींत. रुजलें तें तिसरेंच.

उत्तर कोकणचा किनारा दूरदेशींच्या व्यापारास परका नव्हता. चिंचणी येथें सांपडलेल्या शके ८४८ (इ. स. ९२६) च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत संयान मंडळाचा अधिकारी मधुमति नांवाचा ताजिक होता असें सांगितलें असून, त्यानें आसपासचीं बंदरें जिंकल्याचें वर्णन आहे. तें संयान म्हणजे संजाण; तेथील उत्खननांत चिनी भांड्यांचे तुकडे निघाले आहेत. पुढें १५३४ त वसई फिरंग्यांकडे गेली. केळवें-माहीम, तारापूर, डहाणू हीं ठाणींही कालांतरानें त्यांच्या अमलाखालीं येऊन १७३९ च्या सुमारास मराठ्यांनीं तीं घेईपर्यंत तशींच राहिलीं. याच काळीं, १५३५ त, चोपचिनी हिंदुस्थानांत माहीत झाली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ त गोव्यास छापलेल्या ग्रंथांत तिचें सविस्तर वर्णन केलें आहे. मुंबई बेट त्याजकडे खंडानें होतें. युरोपांतही तिची कीर्ति इतकी झाली कीं, १५४६ त वेसालियसनें तिच्या काढ्यावर स्वतंत्र पत्रग्रंथ छापिला.

चोब-इ-चीनी म्हणजे चीनचें लाकूड. हें फारसी नांव. भावमिश्रानें सोळाव्या शतकांत भावप्रकाशांत तिला द्वीपांतरवचा हें संस्कृत नांव देऊन फिरंग रोगावर योजिलें. चूर्ण एक शाण, मधासह, मीठ वर्ज्य, अगदींच न राहवल्यास सैंधव. त्याच शतकांत ली शि-चेन हा चिनी ग्रंथकार सांगतो कीं, हा रोग प्राचीन ग्रंथांत नाहीं, तो दक्षिणेकडून पसरला. आणि त्यावर याच वर्गांतील मूळ देऊन चहा वर्ज्य करावा. दोघांनींही नवा रोग नवा म्हणून ओळखिला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

वंध्यत्वाचा संबंध येथेंच येतो. फिरंग रोगानें गर्भस्राव होतात, मृत अपत्यें जन्मतात व जन्मलेलीं दगावतात. हा रोग बहुधा पतीनें बाहेरून आणावा आणि दूषण पत्नीस लागावें, असें किती घरांत घडलें असेल! अशा कुटुंबांत चोपचिनी हें वस्तुतः अपत्यरक्षणाचेंच औषध होतें, मग त्याचें प्रकरण कोणतेंही असो.

बाडांच्या संग्राहकांस यावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, ज्या प्रकरणांत फिरंग किंवा चोपचिनी हे शब्द मूळ हातानें लिहिलेले आहेत, तें प्रकरण सोळाव्या शतकापूर्वींचें नव्हे. मात्र समासांत वा कोऱ्या जागीं मागाहून भर पडते, म्हणून अक्षर व शाई स्वतंत्रपणें तपासावी. दुसरी, नुसत्या चिनी या शब्दावर विसंबूं नये. कबाबचिनी जावा बेटांकडची आहे. तिसरी व महत्त्वाची, चोपचिनीचा योग वंध्याप्रकरणांत आढळल्यास तो कोणास द्यावा असें लिहिलें आहे, स्त्रीस, पुरुषास कीं उभयतांस, याची नोंद करावी. ग्रंथांतील शास्त्र आणि घरांतील व्यवहार यांतील अंतर मोजण्यास याहून चांगलें माप मिळणें कठीण.

औषधाच्या गुणाविषयीं आजचा निर्णय सांगणें प्राप्त आहे. फिरंग रोग चोपचिनीनें समूळ जात नाहीं. त्यावरील खात्रीचा उपाय, पेनिसिलिन, १९४३ त प्रथम योजिला गेला. इत्सिंगानें वर्णिलेली सुईही अखेर इकडे आली. १९३८ त चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांचा देह १९४२ त तिकडेच पडला. त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनीं पुढें चीनमध्यें ही विद्या शिकून १९५९ त कलकत्त्यास तिचा उपक्रम सुरू केला. परंतु कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारासमवेत सुया टोचून जिवंत अपत्यें अधिक होतात काय, हें ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें ८४८ स्त्रियांवर पाहिलें असतां, २०१८ त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तसा लाभ दिसून आला नाहीं.

तेव्हां या योगांचें मोल आतां चिकित्सेंत नसून इतिहासांत आहे. चिंचणी, तारापूर, केळवें-माहीम या बाजूस जुन्या वैद्यघराण्यांचीं बाडें ज्यांच्या हातीं येतील, त्यांनीं वंध्याप्रकरणाचीं पानें किरकोळ म्हणून बाजूस टाकूं नयेत. शक्य तर त्यांची नक्कल करून ठेवावी. राजपत्रांत ज्या दुःखास जागा नाहीं, त्याची दुसरी नोंद सहसा मिळावयाची नाहीं.