धर्मांतर, दांपत्य आणि समेट : अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबविचाराचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

विवाह, कुटुंब आणि भावनिक आरोग्य यांविषयीचे ख्रिस्ती समुपदेशन ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य मानसशास्त्राबरोबर आलेली गोष्ट आहे, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत निबंधात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात या समजुतीची तपासणी केली आहे. एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरामुळे दुभंगलेल्या संसारांतून येथे या विचाराची पायाभरणी झाली. मात्र सवर्ण आणि दलित ख्रिस्ती कुटुंबांचे प्रश्न मुळातच भिन्न होते आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : अमेरिकन मराठी मिशन, धर्मांतर, दांपत्यजीवन, ख्रिस्ती विवाहकायदे, समुपदेशन, स्मृतिचित्रे.

प्रस्तावना

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे आपले केंद्र सुरू केले. तेव्हापासून शाळा, छापील वाङ्मय, वैद्यकीय सेवा आणि दुष्काळनिवारण या क्षेत्रांतील मिशनच्या कार्याचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. त्या मानाने धर्मांतरानंतर घरात काय घडले, पतिपत्नींच्या नात्याचे काय झाले आणि त्या दुःखाला कोणी व कसा आधार दिला, हे प्रश्न इतिहासलेखनाच्या कडेला राहिले. धर्मांतर हा व्यक्तीचा निर्णय असला, तरी त्याची किंमत सबंध कुटुंबाला मोजावी लागत असे.

पाळकीय समुपदेशनाचा आधुनिक इतिहास सांगताना अँटन बॉइसन यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. स्वतः मानसिक आजारातून गेलेल्या या धर्मोपदेशकाने १९२५ मध्ये अमेरिकेतील वुस्टर येथील मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण सुरू केले. ग्रंथांइतकाच दुःखी माणसाचाही अभ्यास करावा, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह ध्यानात घेतल्यास अहमदनगरच्या इतिहासातील काही साधने नव्याने वाचता येतात.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) धर्मांतरित दांपत्यांसंबंधीच्या कायद्यांचे स्वरूप समजून घेणे. २) टिळक दांपत्याच्या उदाहरणावरून समेटाच्या प्रक्रियेचा अभ्यास करणे. ३) दलित ख्रिस्ती कुटुंबांच्या प्रश्नांचे वेगळेपण स्पष्ट करणे. या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आत्मकथन, कायद्यांतील तरतुदी आणि प्रकाशित दुय्यम साधने यांचा आधार घेतला आहे.

नव्या कुटुंबाची कल्पना

मिशनच्या कुटुंबविचाराचा आरंभ मुलींच्या शिक्षणापासून झाला. १८२७ मध्ये मुंबईत आलेल्या सिंथिया फरार १८३९ पासून अहमदनगरला काम करू लागल्या आणि १८६२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना स्त्रीशिक्षणाच्या कार्याची प्रेरणा मिळाली, हे सर्वश्रुत आहे. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने धर्मचर्चेबरोबर सामाजिक प्रश्नांनाही स्थान दिले. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीत विधवांच्या दुःस्थितीबरोबरच परस्परांशी विचारविनिमय करणारे पतिपत्नी वाचकांसमोर आले. पत्नी ही पतीची बौद्धिक सोबतीण असावी, ही कल्पना त्या काळच्या मराठी समाजाला नवी होती.

कल्पना उदात्त असली तरी वास्तव कठोर होते. पतीने बाप्तिस्मा घेतला की पत्नीचे माहेर व सासर दोन्ही तिला त्याच्यापासून दूर ठेवत. तिच्या दृष्टीने पती जिवंत असूनही संसार संपलेला असे. अशा स्त्रीला ना विधवेचे स्थान, ना सधवेचे.

कायद्याने दिलेले एक वर्ष

या प्रश्नावर तोडगा म्हणून १८६६ चा धर्मांतरित ख्रिस्ती व्यक्तींच्या विवाहविच्छेदाचा कायदा करण्यात आला. विधिसदस्य हेन्री मेन यांनी त्याचा पुरस्कार केला होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने त्याग केला असेल, तर धर्मांतरित व्यक्तीला न्यायालयात जाता येई. परंतु न्यायालय लगेच विवाह मोडत नसे. नकार देणाऱ्या जोडीदाराकडे स्वतंत्रपणे विचारणा करून प्रकरण एक वर्ष तहकूब ठेवले जाई. या मुदतीत न्यायाधीशांनी ठरवलेल्या ठिकाणी उभयतांची भेट घडवून आणावी आणि नकार खरोखर स्वेच्छेचा आहे की नातलगांच्या दडपणाचा, याची खात्री करून घ्यावी, अशी तरतूद होती.

समुपदेशनाच्या इतिहासात ही तरतूद महत्त्वाची ठरते. दुखावलेल्या माणसाचा पहिला नकार हा अंतिम नकार मानू नये, त्याला वेळ द्यावा आणि इतरांच्या गराड्यातून बाजूला काढून त्याचे म्हणणे ऐकावे, ही आजच्या समुपदेशनातील तत्त्वे त्या कायद्यात बीजरूपाने दिसतात. अर्थात याच कायद्याने धर्मांतर न केलेल्या पत्नीपुढे परक्या धर्मातील पती किंवा विच्छेद एवढेच दोन पर्याय ठेवले, हेही विसरता येत नाही.

टिळक दांपत्य : दुराव्यापासून समेटापर्यंत

या पार्श्वभूमीवर नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. वयाच्या अकराव्या वर्षी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाई लहान मुलाला, दत्तूला, घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे टिळकांचे कार्यक्षेत्र अहमदनगर झाले. तेथील ईश्वरविज्ञानाच्या शाळेत ते शिकवीत असत. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांचा सहवास त्यांना तेथे लाभला.

१८६६ च्या कायद्याचा मार्ग टिळकांनी पत्करला नाही. पत्रव्यवहार चालू ठेवून त्यांनी वाट पाहणे पसंत केले. लक्ष्मीबाईही आपल्या दुःखाला काव्यातून वाट करून देऊ लागल्या. अनेक वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या, तरी त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. एकत्र येणे आणि धर्मांतर या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. आपले सोवळे-ओवळे, स्वयंपाकपाणी त्यांनी सांभाळले. जातिभेद ईश्वराने निर्माण केला की माणसाने, या प्रश्नाचा स्वतःशीच विचार करून त्यांनी प्रथम जातीची बंधने सोडली आणि त्यानंतर १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. येथे समेट घडला तो मतैक्य झाल्यामुळे नव्हे. मतभेद कायम असतानाही एकमेकांना जागा दिल्यामुळे तो घडला. 'स्मृतिचित्रे' (चार भाग, १९३४–३६) या आत्मकथनात लक्ष्मीबाईंनी टिळकांचा शीघ्रकोप, पैशांविषयीची बेफिकिरी, आपला हट्ट आणि भांडणे काहीही न लपवता नर्मविनोदाने सांगितली आहेत. बाप्तिस्म्यानंतर संसार निर्वेध झाला, असा दावा त्यांनी केलेला नाही. स्वतःच्या दुःखाकडे हसत पाहता येण्याइतके अंतर त्यांनी मिळवले होते, आणि भावनिक आरोग्याची यापेक्षा चांगली खूण सांगणे कठीण आहे. या घराने बालकवी ठोंबरे यांच्यासारख्यांनाही आधार दिला, ही बाब कुटुंबाची व्याप्ती रक्तसंबंधांपलीकडे नेणारी आहे.

दलित ख्रिस्ती कुटुंबांचा वेगळा प्रश्न

टिळकांचे उदाहरण प्रातिनिधिक मानल्यास मात्र मोठी चूक होईल. जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती समाज नेवासे, राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर या भागांतील महार व मांग कुटुंबांतून आला. या समाजांत धर्मांतर पुष्कळदा कुटुंबासह किंवा भावकीसह झाले. त्यामुळे पतीपासून पत्नी तुटणे हा तेथील मुख्य प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो जुनी रूढी आणि नवा कायदा यांच्या संघर्षाचा.

या जातींमध्ये काडीमोड आणि पाट या प्रथा रूढ होत्या. न जमणारा संसार मोडून दुसरा मांडण्याची वाट स्त्रीलाही उपलब्ध होती. १८६९ च्या घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती पतीला पत्नीच्या व्यभिचाराच्या एका कारणावर घटस्फोट मिळू लागला. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा दोन वर्षांचा त्याग यांसारखे आणखी कारण सिद्ध करावे लागे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने देशी ख्रिस्तींच्या विवाहासाठी मुलाचे वय सोळा आणि मुलीचे तेरा वर्षांपेक्षा अधिक असावे, अशी अट घातली आणि पहिला जोडीदार हयात असताना दुसरा विवाह निषिद्ध ठरवला. बालविवाह आणि सवत या दोहोंपासून स्त्रीला यामुळे संरक्षण मिळाले. परंतु क्रूर पतीपासून सुटण्याची जी वाट रूढीने ठेवली होती, ती कायद्याने अरुंद केली. ही विषमता २००१ च्या दुरुस्तीने दूर झाली आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूदही तेव्हाच आली. म्हणजे सुमारे एकशे तीस वर्षे ख्रिस्ती स्त्रीला दिल्या गेलेल्या 'सहन कर' या सल्ल्यामागे केवळ धर्मोपदेश नव्हता. तिच्यापुढे दुसरा कायदेशीर मार्ग जवळजवळ नव्हता, हेही त्याचे कारण होते.

जामखेडचा अनुभव

या दृष्टीने जामखेड येथील कार्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. नेवासे तालुक्यातील वडाळा मिशन रुग्णालयात काम केलेल्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावोगावच्या अल्पशिक्षित वा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांत दलित स्त्रिया होत्या, तशाच पतीने टाकलेल्याही होत्या. औषधोपचारांच्या माहितीइतकाच भर आत्मविश्वासावर होता. निरनिराळ्या जातींच्या स्त्रिया प्रशिक्षणासाठी एकत्र येत, एकत्र जेवत आणि आपली दुःखे एकमेकींना सांगत. येथे सल्ला वरून खाली दिला जात नव्हता. बोलणारी आणि ऐकणारी दोघीही एकाच परिस्थितीतून आलेल्या होत्या. धर्मांतराची अपेक्षा न ठेवता ख्रिस्ती सेवाभाव भावनिक आरोग्याचे कार्य करू शकतो, हे या प्रकल्पाने दाखवून दिले.

निष्कर्ष

१) अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबविचाराची मुळे आयात मानसशास्त्रापेक्षा धर्मांतराने निर्माण केलेल्या प्रत्यक्ष कौटुंबिक संकटांत अधिक खोलवर आढळतात.

२) टिळक दांपत्याच्या समेटात प्रतीक्षा, संवाद आणि मतभेदाला दिलेली जागा हे तीन घटक निर्णायक ठरले.

३) दलित ख्रिस्ती स्त्रीच्या बाबतीत नवा कायदा एकाच वेळी संरक्षक व बंधनकारक ठरला. तिच्या इतिहासाला लक्ष्मीबाईंच्या कथेचा मापदंड लावता येत नाही.

४) १९८३ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेने विवाहपूर्व तयारीची जबाबदारी धर्मगुरूंवर सोपवली आहे, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दंडाधिकाऱ्यांना समुपदेशनाचा आदेश देण्याचा अधिकार दिला आहे. या दोन्ही व्यवस्थांत काम करणाऱ्यांनी समेट आणि सहनशीलता यांतील भेद ओळखला पाहिजे. लक्ष्मीबाई परतल्या, कारण परतल्यानंतरही त्यांचे 'नाही' म्हणण्याचे स्वातंत्र्य शाबूत होते. जेथे हे स्वातंत्र्य नाही, तेथे घडवून आणलेला समेट कितीही पवित्र शब्दांत सांगितला, तरी त्या स्त्रीच्या दृष्टीने ती केवळ सक्ती ठरते.